थर्मल कॅमेरा आणि कोड नेदरलँड्सला न्यायचाय, स्कोमेटची परवानगी लागते का?

द्राक्षबाग_पीएचडी
नमस्कार मंडळी. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करतेय. ड्रोनवर थर्मल कॅमेरा लावून द्राक्षवेलींवरचा पाण्याचा ताण ओळखायचा, असं काम आहे. उड्डाणं सगळी निफाड-दिंडोरीच्या बागांवर. आता नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाबरोबर प्रोजेक्ट ठरलाय. जूनमध्ये कॅमेरा घेऊन मी तिकडे जाणार. त्याआधी कॅमेऱ्याचं फर्मवेअर (त्याच्या आतलं, तो चालवणारं सॉफ्टवेअर; आम्ही थोडं बदललंय) आणि इमेज प्रोसेसिंगचा कोड ईमेल करायचाय. गाईड म्हणतात, शेतीचं काम आहे, कोण विचारतंय? सेमिनारमध्ये स्कोमेटचं (नागरी आणि लष्करी दोन्हीकडे वापरता येणाऱ्या वस्तूंची भारताची निर्यात-नियंत्रण यादी) नाव ऐकल्यापासून माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळतोय.

ओझरकर
फिक्की या उद्योग-संघटनेकडून एटीए कार्नेट (तात्पुरत्या नेण्या-आणण्याचा कस्टमचा कागद) काढा, परत आणायचीच वस्तू आहे. विषय संपला.

सातपूरची_मावशी
नाही संपला, ओझरकर. कार्नेटने कस्टम ड्युटीचा प्रश्न सुटतो, लायसन्सचा नाही. सातपूरला एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन करण्यात माझी उभी नोकरी गेली. ही गल्लत एमआयडीसीतले मुरलेले लोकही करतात.

अगं, तुझ्या गाईडना सांग, वापर शेतीचा आहे म्हणून वस्तू यादीतून बाहेर पडत नाही. यादी बघते वस्तूचे गुण. स्कोमेटची आठवी कॅटेगरी वासेनार या निर्यात-नियंत्रण करणाऱ्या देशांच्या गटाच्या यादीवर बेतलेली आहे (भारत त्यात डिसेंबर २०१७ मध्ये गेला) आणि त्यात सेन्सर व कॅमेरे येतात. तेव्हा आधी डेटाशीट काढ आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बघ. ९ हर्ट्झ किंवा त्याहून कमी असेल तर बऱ्याच थर्मल कॅमेऱ्यांना सूट मिळते. म्हणून तर बाजारात ९ हर्ट्झची मॉडेलं दिसतात, नाहीतर इतका संथ कॅमेरा मुद्दाम कोण बनवेल?

दुसरं, ईमेल. यादीतल्या वस्तूचं तंत्रज्ञान किंवा सॉफ्टवेअर बाहेर पाठवलं तर तीही निर्यातच, पार्सल नसलं तरी. क्लाउडवर टाकून तिकडच्यांना पासवर्ड दिला म्हणून पळवाट मिळाली असं समजू नकोस. सूट आहे ती आधीच जाहीर झालेल्या माहितीला आणि मूलभूत संशोधनाला. तुझा पेपर छापून आलाय ना? त्यातलं खुशाल पाठव. बदललेलं फर्मवेअर त्यात बसेल असं मला वाटत नाही.

ड्रोन नेत नाहीयेस हे एक बरं. अर्थात २०२३ पासून २५ किमी पल्ला आणि २५ किलो पेलोडच्या आतल्या नागरी ड्रोनना सर्वसाधारण परवानगीची सोय झाली आहे.

द्राक्षबाग_पीएचडी
मावशी, डेटाशीट बघितलं. ३० हर्ट्झ, ६४० बाय ५१२ पिक्सेल. आणि कॅमेरा अमेरिकन बनावटीचा आहे. आता?

सातपूरची_मावशी
मग दोन दारं ठोठवायची. अमेरिकेचे ईएआर हे निर्यात-नियम वस्तू भारतात आली तरी तिची पाठ सोडत नाहीत. इथून तिसऱ्या देशात नेणं म्हणजे त्यांच्या लेखी पुनर्निर्यात. विक्रेत्याला लेखी विचार, ईसीसीएन (त्या नियमांतला वस्तूचा वर्गीकरण क्रमांक) काय? ६ए९९३ आला तर बरंच हलकं, ६ए००३ आला तर नेदरलँड्ससाठी लायसन्स लागतं का आणि कुठली सूट बसते, तेही त्याच्याकडूनच लिहून घे.

इकडचं दार डीजीएफटीचं, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचं. अर्ज ऑनलाइन, दिल्लीला जातो आणि आंतरमंत्रालयीन समितीपुढे ठेवला जातो. तुझ्या नावाने करू नकोस, कॉलेजच्या आयईसीवर (आयात-निर्यात कोडवर) कर. कॉलेजकडे आयईसी नसेल (बऱ्याच कॉलेजांकडे नसतो) तर आधी तो काढायला लाव. तिकडच्या विद्यापीठाकडून अंतिम वापराचं प्रमाणपत्र लागेल. त्यात "संशोधन" एवढंच मोघम नको, कुठली बाग, कुठलं पीक, कॅमेरा कुणाच्या ताब्यात आणि परत कधी, सगळं यायला हवं.

ओझरकर
मावशी, एवढ्या उठाठेवीपेक्षा तिकडचाच कॅमेरा वापरला तर?

सातपूरची_मावशी
कॅमेऱ्यापुरतं उत्तम, मी तेच करायला सांगेन. फर्मवेअर मात्र तरीही अर्जाशिवाय हलवू नकोस गं.