तुडतुडे पुन्हा उसळतात, कारण मित्रकीटक मेले, हे अर्धंच कारण

फवारणीनंतर धानावरचे तपकिरी तुडतुडे वाढतात ते त्यांना खाणारे कोळी आणि मिरीड ढेकूण मेल्यामुळे, असं सहसा सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण फवारणीतून वाचलेली तुडतुड्याची मादीही आता पहिल्यासारखी नसते. तिच्या शरीरातल्या मेदपिंडात (चरबी साठवणाऱ्या अवयवात) व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनतं, रक्तद्रवातून अंडाशयात पोचतं आणि ठराविक ग्राहींमार्फत (पेशीवर ते प्रथिन धरून आत घेणाऱ्या रेणूंमार्फत) अंडपेशीत शिरून तिथे बलक म्हणून साठतं. हा कारखाना चालू करतं ज्युव्हेनाइल हॉर्मोन हे कीटकांतलं संप्रेरक. ट्रायझोफॉस किंवा डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकांची मारक नसलेली मात्रा मिळाली की या प्रथिनाची निर्मिती वाढते आणि मादी जास्त अंडी घालते. उलट प्रयोगशाळेत या प्रथिनाचं किंवा त्याच्या ग्राहीचं जनुक बंद केलं तर अंडाशयात बलकच भरत नाही. ट्रायझोफॉस आपल्याकडे २०२० अखेर बंद झालं. डेल्टामेथ्रिन ज्या गटातलं आहे ती पायरेथ्रॉइड कीटकनाशकं मात्र अजून सर्रास मारली जातात. धानात ती कृपा करून टाळा.

अर्धवट मात्रा मिळते कशी? फवारा पानांवर पडतो, तुडतुडे असतात बुंध्याशी. म्हणून आधी बांधीतलं पाणी काढा, धान बाजूला सारून नोझल बुंध्याकडे धरा. चूड (धानाचा झुपका) वाकवून आखूड पंखांच्या माद्या शोधा. त्या लांब पंखांच्या माद्यांपेक्षा लवकर आणि जास्त अंडी घालतात. अंडी पर्णकोषाच्या (खोडाला वेढणाऱ्या पानाच्या भागाच्या) आत असतात, बहुतेक औषधं तिथवर पोचत नाहीत आणि आठवड्याभरात पिल्लं निघतात. तेव्हा दुसऱ्या दिवशी मेलेले तुडतुडे पाहून समाधान मानू नका, आठ-दहा दिवसांनी पुन्हा मोजा.