जर्नलमध्ये ९.८१ आलं म्हणजे प्रयोग झाला का?

माधवी_कर्वेनगर (धागा)

काल इथे एका क्लासवाल्या सरांनी लिहिलं होतं: "एरर ॲनालिसिस म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरांना उगाच छळणं. जी ९.८१ येतोय ना, मग पुढे चला." (एरर ॲनालिसिस म्हणजे मोजमापात किती चूक असू शकते त्याचा हिशोब; जी म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण, पुस्तकात ९.८१.) ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी मुलगी अकरावीला आहे. सिंपल पेंड्युलमचं प्रॅक्टिकल होतं, म्हणजे दोऱ्याला गोळा टांगलेल्या लंबकाची लांबी आणि आंदोलनांचा वेळ मोजून जी काढायचा. लांबी १०० सेंमी, २० आंदोलनांना ४०.६ सेकंद, जी आला ९.५८. शेजारच्या टेबलावरच्या तिघींचा ९.८१, दुसऱ्या दशांशापर्यंत हुबेहूब. त्यांनी आधी उत्तर लिहिलं आणि मग उलटं गणित करून वेळ भरली. त्यांच्या जर्नलवर सही झाली आणि हिच्या पानावर लाल शाईत "रिपीट". पोर रडत घरी आली.

संध्याकाळी दोघी वही घेऊन बसलो. स्टॉपवॉच दाबताना मागेपुढे होतं ते धरा ०.२ सेकंद. ४०.६ मध्ये ०.२ म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून जी मध्ये एक टक्का. झालं ९.५८ ± ०.१. मग ९.८ त्या पट्ट्यात येतच नाही! म्हणजे हात हलल्यामुळे हे झालेलं नाही, चूक दुसरीकडेच कुठेतरी आहे. हे आम्हाला त्या ±०.१ नेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने लॅबमध्ये जाऊन पाहिलं, तर लांबी दोऱ्याच्या गाठीपर्यंतच मोजलेली, ती बॉबच्या, म्हणजे गोळ्याच्या, मध्यापर्यंत हवी. व्हर्नियर (बारीक मोजायची पट्टी) लावला: हूक ७ मिमी, बॉबची त्रिज्या १३ मिमी. ते दोन सेंटिमीटर मिळवल्यावर जी आला ९.७७.

सर, याला छळ म्हणता? त्या बॅचमध्ये प्रयोग केला तो हिने एकटीनेच.

तीस_मार्क

ताई, ते क्लासवाले सर म्हणजे मीच. मुलीचं कौतुक आहे, पण तुमच्याकडे एक मुलगी आणि एक अख्खी संध्याकाळ होती. मी क्लास सुरू करण्याआधी नऊ वर्षं ज्युनिअर कॉलेजला शिकवलंय. बॅचमध्ये वीस मुलं, पेंड्युलम चार, त्यातल्या एकाचा क्लॅम्प ढिला. हजेरी आणि सह्या वजा केल्या तर हातात पाऊण तास. त्यात प्रत्येकाला ± काढायला कुठून शिकवू?

आणि माझ्या बारावीचं ऐका. मी खरी रीडिंग लिहिली होती. एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) उत्तर बघितलं, पान उलटलं, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) एकही प्रश्न विचारला नाही. तिसातले अठरा. शेजारच्याने मागच्या वर्षीचं जर्नल पाठ केलं होतं, त्याला अठ्ठावीस. खरेपणाचे मार्क बोर्ड देत नाही, हे मी तेव्हा शिकलो. माझ्या पोरांना तो फटका बसू नये एवढंच मी बघतो.

भोसरी_टूलरूम

सर, ती पोरं पुढे आमच्याकडे येतात, म्हणून बोलतो. तेवीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे. नवीन पोरगा मायक्रोमीटर लावतो, आकडा लिहितो, मोकळा होतो. रिकामा असताना शून्य दाखवतो का ते बघितलं का विचारलं की माझ्या तोंडाकडे बघतो.

एका मे महिन्यात दुपारी टेम्पोतून शाफ्ट उतरले. व्यास १०० मिमी, उन्हाने हात लावू देईनात. नव्या पोराने तिथेच मोजले, सगळे १५-२० मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त. अख्खा लॉट रिजेक्टचा शिक्का मारून बाजूला. दुसऱ्या दिवशी एसी रूममध्ये २० डिग्रीला आणून मोजले, सगळे टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या आत. पोलाद मीटरला दर डिग्रीमागे साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. १०० मिमीला १५ डिग्रीचा फरक म्हणजे १७ मायक्रॉन. पोराने दहा-दहा वेळा मोजून सरासरी काढली होती बरं का. दहाही वेळा शाफ्ट गरमच होता, सरासरी काय करणार?

बिबवेवाडी_बाइकर

टूलरूमचं राहू द्या, आधी पेट्रोल पंपाकडे बघा. तिथे रोज एरर होते आणि ती कायम आपल्याच खिशातून जाते. गेल्या महिन्यात एका पंपावर हट्टाने पाच लिटरचं माप मागवलं. २० मिली कमी. मॅनेजर म्हणतो, २५ मिलीपर्यंत चालतं साहेब. चालतं म्हणजे काय? कोणाला चालतं?

औंधकर_७२

नियमात तेवढी सूट आहेच. पाच लिटरला २५ मिली, म्हणजे अर्धा टक्का. कुठलंच यंत्र मिलीपर्यंत अचूक नसतं. पंपवाला खोटं बोलला नाही.

बिबवेवाडी_बाइकर

तुम्ही पंपवाल्यांचे वकील का? माझ्या कारमध्ये चाळीस लिटर मावतं. दर वेळी १६० मिली गेले त्याचा हिशोब कोण देणार?

औंधकर_७२

वकील बिकील काढू नका. तुम्ही एकदा मोजलंत. एका मापावरून चोर ठरवता येत नाही, एवढंच म्हणतोय.

माधवी_कर्वेनगर

औंधकर काका, एका मापाचं तुमचं म्हणणं बरोबर. पण सूट दोन्ही बाजूंना असते ना? मशीन नुसतं डगमगत असेल तर कधी २० कमी येईल, कधी १० जास्त. दहा वेळा मोजून दहाही वेळा कमीच आलं, तर ते डगमगणं नाही, मशीन एका बाजूला झुकलंय. मग २५ च्या आत असलं तरी विचारायला हवं. शाफ्टचं आणि आमच्या हुकाचं हेच तर झालं.

बिबवेवाडी_बाइकर

दहा वेळा मोजू देईल तो? एकदा मागितलं तर मागच्या लायनीने हॉर्न वाजवून डोकं उठवलं.

निवृत्त_मास्तर

पंप जरा बाजूला ठेवा. माधवीताई, लंबक किती अंशांनी सोडला होता? वीस अंशांनी सोडला तर आवर्तकाल (एका आंदोलनाचा वेळ) पाऊण टक्क्याने वाढतो आणि जी दीड टक्क्याने घसरतो. हुकाला दोष देण्याआधी तेही तपासायला हवं.

आणि सर, तुमच्या ९.८१ बद्दल. ९.८०६६५ ही १९०१ मध्ये ठरवून घेतलेली प्रमाण किंमत. पुणे साडेअठरा अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. इथला जी ९.७८ च्या आसपास. म्हणजे तुमची मुलं खोटी रीडिंग लिहितात ती पुण्यात नसलेल्या आकड्यासाठी! मीटरभर लंबकाला २० आंदोलनांत या दोन किमतींमधला फरक ०.०६ सेकंद. बोटाची चूक त्याच्या तिप्पट. मग ९.८१ बरोबर आणि ९.७७ चूक हे त्या टेबलावर बसून कोण सांगू शकेल? निदान १०० आंदोलनं मोजा, तेव्हा कुठे फरक ०.३ सेकंदाला पोचतो.

माधवी_कर्वेनगर

मास्तर, लेकीला विचारलं. पाच अंशांच्या आत होता, कोनमापक लावला होता म्हणाली.

तीस_मार्क

मास्तर, मोठे आकडे सांगून पोट भरत नाही. शंभर आंदोलनं म्हणजे एका रीडिंगला साडेतीन मिनिटं, पाच लांब्या, वीस मुलं. तुमच्या काळी बॅचला आठ मुलं असतील.

निवृत्त_मास्तर

चोवीस असायची. मी सगळ्यांना एकच लांबी द्यायचो आणि चोवीस उत्तरं फळ्यावर लिहायचो. ९.५ पासून १०.१ पर्यंत. कुणालाच ९.८१ लिहावंसं वाटायचं नाही, कारण पसारा समोर दिसायचा. दहा मिनिटांचं काम. तुम्ही कधी करून पाहिलंत?

तीस_मार्क

नाही पाहिलं. आणि पुण्याचा जी ९.७८ हे मला आज कळलं, हेही मान्य करतो. नऊ वर्षं मी हाताने ९.८१ ला टिक केलंय.

तरी पानभर एरर ॲनालिसिस मी लिहून घेणार नाही. उत्तरापुढे ± आणि तो कुठून आला याची एक ओळ, एवढं सांगेन. त्यावर एक्स्टर्नलने मार्क कापले तर ताई, पालकांच्या मीटिंगला तुम्ही उभ्या राहायचं. मी एकटा राहणार नाही.

माधवी_कर्वेनगर

राहीन. तारीख कळवा.

बिबवेवाडी_बाइकर

रविवारी सकाळी सातला पंपावर गर्दी नसते. पाच लिटरचं माप पुन्हा मागणार आहे. औंधकर, एका मापावर विश्वास नाही ना, मग दुसरं मोजायला या.

औंधकर_७२

येतो. माप पातळीत ठेवायला हवं, तिरकं असलं तरी वाचन चुकतं. स्पिरिट लेव्हल मी आणतो.