मोठ्या हायड्रोप्लेनला इंजिन कुठलं? २५.४ सीसी पुरे की ३१.८ हवंच?

तिसरा_पॉइंट

रिमोटवर पळणारं, सव्वा मीटरच्या आसपासचं थ्री-पॉइंट हायड्रो (वेगात पुढे दोन आणि मागे एक अशा तीन ठिकाणीच पाण्याला टेकणारी रेसची बोट) समोर ठेवा. तयार वजन सात किलो, डायरेक्ट ड्राइव्ह (मध्ये गिअर नाही), पाव इंची फ्लेक्स केबल (इंजिनाचा पीळ प्रॉपेलरपर्यंत नेणारी लवचीक केबल). (गॅस बोट म्हणतात ती पेट्रोलवालीच, सिलिंडर शोधू नका.) या बोटीला इंजिन कुठलं असं विचारलं की हल्ली पहिलं उत्तर ठरलेलं: 'सरळ ३२ (म्हणजे ३१.८ सीसीचं) टाका'. मला ते पटत नाही. स्टॉक (कारखान्यातून आलं तसंच) झेनोआ जी२६० घ्या आणि उरलेली सगळी मेहनत पाइप (ट्यून्ड एक्झॉस्ट), प्रॉप (प्रॉपेलर) आणि सीजीवर (गुरुत्वमध्यावर) करा, हे माझं म्हणणं.

जी२६० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) २८ मिमी, म्हणून २५.४ सीसी. जी३२० चा बोअर ३८, स्ट्रोक तोच २८, म्हणून ३१.८. सीसी सव्वापट, हे मान्य. पण बोट पळवायला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, आणि सव्वाचं घनमूळ भरतं जेमतेम १.०८. आता प्रॉपकडून मोजू. ऑक्ट्युराचा एक्स४७० प्रॉप म्हणजे व्यास ७० मिमी, पिच (एका फेरीत कागदावर पुढे जायचं अंतर) व्यासाच्या १.४ पट, ९८ मिमी. १५,००० आरपीएमला कागदावर ८८ किमी/तास. स्लिप (प्रॉपची पाण्यातली घसरण) १५ टक्के धरली तर पाण्यावर ७५. सव्वापट ताकद मिळाली आणि बाकी सगळं जुळून आलं, तर ७५ चे ८१ होतील. या सहा किलोमीटरसाठी केबल, ड्राइव्ह डॉग (प्रॉपला फिरवणारा तुकडा), रडर ब्रॅकेट, इंजिन माउंट या सगळ्यांवर सव्वापट पीळ पडणार. तेवढा वेग बऱ्याच बोटींच्या चुकलेल्या सेटिंगमध्येच अडकलेला असतो.

---

कार्बकाका

घनमूळ बरोबर आहे, पण ते सरळ रेषेच्या शेवटाला लागू पडतं. हायड्रो पळतं ओव्हलवर. वळणात वेग पडतो, फिन (वळण धरणारी पात) पाण्यात रुतलेली असते, प्रॉप पूर्ण ओझ्याखाली आणि आरपीएम पाइपच्या पट्ट्याच्या (ज्या आरपीएमला पाइप जोर देतो त्या टप्प्याच्या) खाली घसरलेले. तिथून बाहेर पडताना जो आधी पट्ट्यात शिरतो तो पुढे. वरच्या वेगाचे सहा किलोमीटर सोडून द्या, सव्वापट टॉर्कची खरी कमाई त्या पहिल्या वीस-पंचवीस मीटरमध्ये आहे.

आणि '३२ जड आहे' असंही बरेच जण म्हणतात, तो गैरसमज पसरवू नका. स्ट्रोक एकच, घराणं एकच. वाढतो तो बोअर. वजनातला फरक इतका थोडा की इंजिन मागेपुढे सरकवून मिटतो. साधं गणित: दोन किलोचं इंजिन सात किलोच्या बोटीत १२ मिमी सरकवलं तर बोटीचा सीजी साडेतीन मिमीच्या आत-बाहेर हलतो. माउंटच्या भोकांना लांबट खाच ठेवली असेल तर दहा मिनिटांचं काम.

पिस्टनचा सरासरी वेगही स्ट्रोकवर ठरतो. १५,००० ला दोन्ही इंजिनांत तो सेकंदाला १४ मीटरच. मग घाबरायचं कशाला?

---

तिसरा_पॉइंट

काका, सरासरी वेग तोच, पण पिस्टन तोच नाही. ३८ ला ३४ ने भागून वर्ग करा, पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ सव्वापट येतं. वजनही त्याच वाटेने जातं. पिस्टन जड आणि आरपीएम तेवढेच, म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि खालच्या बेअरिंगवरची ओढ तेवढ्या प्रमाणात जास्त.

---

कार्बकाका

म्हणूनच ३२ ला १५,००० च्या वर न्यायचंच नाही. पाइप थोडा लांब ठेवायचा, पिच वाढवायची. एक्स४७० काढून एक्स६७० लावा: व्यास ७० च, पिच १.६ पट, ११२ मिमी. १५,००० ला कागदावर १०१ आणि स्लिप धरून ८६. इंजिन आरामात, बोट पुढे.

---

तिसरा_पॉइंट

तो प्रॉप लावल्यावर १५,००० टिकतील, हे कुठून आणलंत? टिकले तर घनाचा नियम मोडला म्हणायचा. इंजिन १४,००० च्या आसपास बसेल. ११२ मिमीला १४,००० म्हणजे कागदावर ९४, स्लिप काढली की ८०. फिरून त्याच ८१ पाशी आलात!

---

पोर्टवाला

दोघंही चुकीच्या जिन्याने वर चाललात. बऱ्याच रेसमध्ये वर्ग सीसीवरच ठरतो, त्यामुळे ३२ घेतलं की २६ च्या वर्गातून आपोआप बाहेर. २५.४ च ठेवा, पण मॉडिफाय करा. एक्झॉस्ट पोर्टची (धूर बाहेर जायच्या खिडकीची) वरची कड उचला, ट्रान्सफर (मिश्रण आत यायच्या वाटा) जुळवा, स्क्विश (पिस्टन आणि हेडमधली फट) घट्ट करा, कार्ब (कार्ब्युरेटर) मोठा लावा, रिकॉइल (दोरी ओढून सुरू करायचा स्टार्टर) काढून टाका. १८,००० ला एक्स४७० कागदावर १०६ देतो, स्लिप धरून ९०. तुमचे ७५ आणि ८१ मागेच राहिले.

---

स्ट्रट_शून्य_अंश

पोर्टवाले, आकडा बरोबर आहे, बिल अर्धंच दाखवलंत. रॉडवरची जडत्वाची ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. १५,००० वरून १८,००० म्हणजे १.४४ पट. काकांच्या ३२ ने जेवढी वाढवली त्याहून ही जास्त. पोर्ट उचललं की एक्झॉस्ट लवकर उघडतं आणि खालचा दम जातो. मग वळणात एकदा पट्ट्याखाली पडलात की बोट 'बॉब-बॉब' करत उभी, आणि मागून स्टॉक इंजिनवाला निघून जातो.

त्यातही हायड्रोचा एक खास त्रास आहे. लाटेवर मागचा भाग उडाला की प्रॉप क्षणभर हवेत. ओझं गेलं की आरपीएम उसळी मारतात आणि नेमकं त्याच वेळी मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं. १५,००० वर सेट केलेल्या इंजिनाला ही उसळी झेपते. १८,००० वर आधीच कडेला उभ्या असलेल्याला झेपत नाही. पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला उभे ओरखडे दिसले की समजा, तेलाचा थर तिथे तुटला.

स्टॉकला २५:१ पेट्रोल-तेल चालतं. मॉडिफाइडला २०:१ किंवा १६:१ पर्यंत जावं लागतं, आणि तेल वाढवलं की कार्बची सुई (पेट्रोल किती जावं ते ठरवणारा स्क्रू) पुन्हा लावायची. तेल जास्त म्हणजे त्याच भोकातून पेट्रोल कमी, मिश्रण पातळ. हे उलटं वाटतं, म्हणून चुकतं.

---

पोर्टवाला

वर्गाचा हिशेब मान्य. पण 'खालचा दम जातो' ही ओरड पाइप न लावणाऱ्यांची असते. पाइप एका वेळी ३ मिमी हलवा, त्याहून जास्त नाही. लांब केला की पट्टा खाली येतो, आखूड केला की वर जातो. वळणातून बाहेर पडताना अडखळत असेल तर ३ मिमी लांब. सरळ रेषेच्या मध्यातच इंजिन 'भरून' थांबल्यासारखं वाटलं तर ३ मिमी आखूड. प्रत्येक बदलानंतर हाय (जास्त आरपीएमची) सुई पुन्हा बघायची. लोक पाइप, प्रॉप आणि सुई एकाच दिवशी हलवतात आणि मग दोष पोर्टला.

---

पहिलीच_बोट

मी शिकाऊ आहे, दोन प्रश्न. (१) गवत कापायच्या मशीनचं २६ सीसी इंजिन लावलं तर? आतून जवळपास सारखंच असतं म्हणतात. (२) रिकॉइल काढावा की ठेवावा?

---

कार्बकाका

पहिल्याचं उत्तर: होईल, पण फायदा नाही. ते हवेवर थंड होणारं आहे. बंद हलमध्ये (बोटीच्या सांगाड्यात) हवा कुठून येणार? म्हणजे डोक्याला (सिलिंडर हेडला) वॉटर जॅकेट आलं. फ्लायव्हीलची पाती ताकद खातात आणि गरम हवा रेडिओ बॉक्सवर फेकतात, म्हणजे फ्लायव्हील बदललं. क्लच काढून शाफ्टवर कोलेट (केबल पकडणारा चिमटा) बसवायचं, म्हणजे आटे जुळवणं आलं. मफलर जाऊन पाइपचा मॅनिफोल्ड (इंजिन आणि पाइप जोडणारी नळी). एवढं झाल्यावर मूळ इंजिनातलं उरलं काय? मरीन इंजिनच घ्या.

टाकीतही एक चूक हमखास होते. नायट्रो (मिथेनॉलच्या इंधनावरच्या) बोटीची सिलिकॉन नळी पेट्रोलमध्ये फुगते आणि सुटते. पेट्रोलला चालणारी टायगॉन नळी आणि पेट्रोलचाच स्टॉपर लावा. टाकीला पाइपचं प्रेशर लागत नाही, डायफ्रॅम कार्ब स्वतः ओढून घेतो. टाकीला व्हेंट मात्र हवाच.

---

स्ट्रट_शून्य_अंश

दुसऱ्याचं उत्तर: ठेवा. डोळे झाकून ठेवा.

हायड्रो उलटतं. नाक उचललं की खालून वारा शिरतो आणि बोट पाठीवर पडते. कार्बमधून पाणी आत जातं. पाणी दबत नाही. पिस्टनवर पाणी असताना ड्रिलने किंवा बेल्टने इंजिन झटक्यात फिरवलं तर वाकतो तो रॉड. दोरी हातात असली की अडकल्याचं बोटांना आधी कळतं. क्रम असा: प्लग काढा, बोट उलटी धरून प्लगचं भोक जमिनीकडे करा, दोरी सावकाश ओढा. पाण्याची पिचकारी थांबेपर्यंत. मग भोकातून थोडं टू-स्ट्रोक तेल, परत चार-पाच ओढी, कोरडा प्लग लावा आणि त्याच दिवशी इंजिन चालवा. 'घरी जाऊन बघू' म्हणून ठेवलेल्या इंजिनाच्या बेअरिंगला रात्रीत गंज धरतो.

---

पोर्टवाला

रिकॉइलचं वजन आणि फिरणारा भाग दोन्ही कमी होतात, म्हणून मी काढा म्हणतो. पण पहिल्या बोटीला ठेवा, यात वाद नाही. (हे वाक्य कोणी जपून ठेवू नका.)

---

पहिलीच_बोट

आणि सुई किती उघडायची?

---

तिसरा_पॉइंट

हाय आणि लो (कमी आरपीएमची) दोन्ही सुया सव्वा फेऱ्यांपासून सुरू करा. ही फक्त सुरुवात. किनाऱ्यावर रिकाम्या प्रॉपने पूर्ण थ्रॉटल देऊ नका, तिथली सुई पाण्यावर खोटी ठरते. पाण्यावर दोन-तीन फेऱ्या मारा, वेगात असतानाच इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. फिकट बदामी ठीक. पांढरा म्हणजे पातळ. काळा ओला म्हणजे जाड. हाय सुई घड्याळाच्या एका तासाएवढीच हलवा.

प्लग रेझिस्टरवालाच हवा, एनजीके सीएमआर७एच चालतो. त्यातला 'आर' गेला की इग्निशनचा खळखळाट रिसीव्हरला ऐकू येतो. कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये ०.३ मिमी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकं. आणि रिमोटवरून इग्निशन तोडणारा किल स्विच फेलसेफला (सिग्नल गेला की आपोआप लागू होणाऱ्या सेटिंगला) जोडलेला असलाच पाहिजे. रेंज गेलेलं सात किलोचं हायड्रो स्वतःहून थांबत नाही.

---

कार्बकाका

थंडपणाबद्दलही सांगा की. गरम होण्याची भीती सगळ्यांना, अतिथंडीची कोणालाच नाही. रडरमधून येणारं पाणी थेट डोक्यात भसाभसा सोडलं तर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, प्लग काळा पडतो आणि माणूस सुई आवळत बसतो. मग एक दिवस पाण्याच्या नळीत शेवाळ अडकतं आणि ती आवळलेली सुई इंजिन जाम करते. बाहेर पडणारं पाणी हाताला चांगलं गरम लागलं पाहिजे, थंडगार नको. थंडगार असेल तर डोक्याकडच्या नळीत रिस्ट्रिक्टर (प्रवाह कमी करणारा तुकडा) टाका. मॅनिफोल्डची लाइन वेगळी ठेवा.

---

तिसरा_पॉइंट

यावर काकांशी पूर्ण सहमत. इंजिनावर अजून नाही. एक मात्र मान्य करतो: बोट नऊ किलोच्या पुढे असेल, किंवा पाणी कायम खवळलेलं असेल, तर पट्ट्याखालचा दम लागतोच. तिथे ३२ घ्या. सव्वा मीटर, सात किलो, सपाट पाणी यासाठी माझं मत तेच.

---

कार्बकाका

रेसमध्ये पाणी सपाट राहतं ते पहिल्या फेरीपुरतं. पाच बोटी एकदा वळल्या की खवळलेलंच. म्हणजे तुमच्याच अटीने ३२.

---

स्ट्रट_शून्य_अंश

दोघांपैकी कोणाचंही घ्या, पण ३२ घेणार असाल तर केबल आधी तपासा. ओझ्याखाली केबल पिळते आणि आखूड होते. म्हणून स्ट्रट (केबलचं मागचं टोक धरणारा आधार) आणि ड्राइव्ह डॉगमध्ये ३ ते ५ मिमी फट सोडतात. २६ ला ३ वर भागून जातं. ३२ ला तीच फट वळणातून बाहेर पडताना संपते, डॉग स्ट्रटच्या बुशवर घासतो आणि लोक म्हणतात 'इंजिन दम टाकतंय'. बोट बाहेर आली की बुशच्या मागच्या तोंडावर नवी चकाकी आहे का बघा. असेल तर कोलेट सैल करून केबल २ मिमी मागे, प्रॉपच्या बाजूला, घ्या, कोलेट घट्ट करा, ग्रीस भरा. सुईला तोवर हात लावू नका.