दिवे लुकलुकतात, पण अक्षर उमटत नाही

जुना पीएस/२ कीबोर्ड (छोट्या गोल प्लगचा) यूएसबीला जोडायचा अडॅप्टर लावला की कीबोर्डचे तिन्ही दिवे एकदा लुकलुकतात आणि पुढे काहीच होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ५ व्होल्ट पोचतायत. अडचण भाषेची आहे.

बाजारात एकसारखे दिसणारे दोन प्रकार मिळतात. पहिल्यात नुसत्या तारा इकडच्या तिकडे जोडलेल्या असतात. तो फक्त पीएस/२ आणि यूएसबी या दोन्ही भाषा मुळात येणाऱ्या कीबोर्डसाठीच. तुमच्या जुन्या कीबोर्डला यूएसबी येतच नाही, त्याला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. जांभळं, बोटाच्या पेराएवढं, वायर नसलेलं अडॅप्टर असेल तर तो बहुधा पहिलाच प्रकार. मीही असल्या एका अडॅप्टरपायी चांगला कीबोर्ड मेला समजून उघडून बसलो होतो.

कन्व्हर्टर लावल्यावर आधी कॅप्स लॉक दाबून बघा. तो दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही, पलीकडून हुकूम आल्यावरच लागतो. लागला-विझला तर दोन्हीकडचं बोलणं सुरळीत आहे.

जाड गोल पाच पिनांचा प्लग असेल तर मात्र सावध. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेला, एक्सटी म्हणून ओळखला जाणारा कीबोर्ड आणि १९८४ च्या आयबीएम एटीचा कीबोर्ड, दोन्हींचा प्लग तोच, पण संकेत वेगळे. एटीला प्लग बदलणारा साधा पीएस/२ जोड लावून वरचाच कन्व्हर्टर चालतो, एक्सटीला त्याच्यासाठीच बनवलेला कन्व्हर्टर हवा.

आणि हो, पीएस/२ बाजू चालू मशीनवर काढ-घाल करू नका. आधी यूएसबी काढा.