यशाचा कंटाळा आला म्हणे!

घणसोलीचा पोरगा: परवाची ती पोस्ट डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. ऐरोलीच्या आयटी पार्कात मॅनेजर, घोडबंदरला तेविसाव्या मजल्यावर फ्लॅट, आणि साहेब म्हणतात "या यशात मी कुठेच नाही, राजीनामा दिला, आता मुरबाडला शेती करून खरं जगणार". नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या त्यात आमच्या आजोबांची खाचरं होती, त्यांना कोणी विचारलं नव्हतं खरं जगायचंय का. आज मी त्याच पार्काच्या गेटवर काँट्रॅक्टवर उभा, साहेबांच्या गाडीला बॅरिअर उघडतो.

उपवनकर: म्हणून काय हप्ते फिटेपर्यंत माणसाने मरायचं? आमच्या ह्यांची ४४ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. मी आयसीयूबाहेर बसलेली आणि ऑफिसातून फोन, वहिनी त्यांना लॅपटॉपचा पासवर्ड विचारता का. तुम्हाला बाहेरून एसी दिसतो फक्त.

सातबारावाले काका: बाकी राहू दे. मुरबाडला शेतजमीन घेतली कशी? शेतकरी दाखला आहे? शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेऊ न देणारं कूळकायद्याचं कलम ६३ वाचलंय?

मूळ पोस्टवाला: काका, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट आहे, ५ गुंठे. भाजीपाला लावणार, थोड्या कोंबड्या.

सातबारावाले काका: एकराचे ४० गुंठे असतात साहेब, ५ गुंठ्यांत आमच्याकडे उकिरडा मावतो! ब्रोशरला शेती म्हणू नका. आमचा सातबारा बघा, त्यावर अकरा नावं, बांधावरून सख्खा भाऊ बोलत नाही. या म्हणावं खरं जगायला.

घणसोलीचा पोरगा: काका तुमच्याकडे निदान सातबारा तरी आहे. १९८४ ला जमिनीच्या आंदोलनात ५ जण पोलिसांच्या गोळीबारात गेले तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं निघालं, आणि आमच्या वडिलांनी तो हिस्सा स्वस्तात विकून गाडी घेतली. गाडी भंगारात गेली, त्या जागेवर सात मजले उभे आहेत.

उपवनकर: मग वडिलांचा राग दुसऱ्याच्या राजीनाम्यावर कशाला काढता?

घणसोलीचा पोरगा: ताई, तुमचं बरोबर असेल. पण ह्या साहेबांची खुर्ची रिकामी झाली तरी मला कोण बसवणारे तिथे?

मूळ पोस्टवाला: दादा, सकाळच्या पाळीला तुम्हीच असता का? मी कधी काच खाली केली नाही. चुकलंच.

घणसोलीचा पोरगा: असू दे. पहिली वांगी लागली की गेटवर आणून द्या, मग मानतो तुम्हाला शेतकरी. आणि गाडीचा पास जमा करा, नाहीतर माझ्यावर येतं.

सातबारावाले काका: ते होईल हो. एनए ऑर्डरची कॉपी बघितलीत का स्वतः?