चर्चा: पीपीटीला प्रश्नांची जोड द्यावी, की पीपीटी बंदच करावी?

विज्ञानाच्या बाई
लोकवर्गणीतून कितीतरी जिल्हा परिषद शाळांत स्मार्ट टीव्ही आले. त्यावर आपण पीपीटी लावतो, मुलं बघतात, उतरवून घेतात आणि तास संपतो. माझं म्हणणं असं की, स्लाइडवर उत्तर येण्याआधी वर्गातल्या प्रत्येक मुलाला स्वतःचं उत्तर द्यावं लागलंच पाहिजे. नाहीतर ती पीपीटी दाखवू नये.

चंद्रकलांचा पाठ घ्या. नेहमीची स्लाइड म्हणजे मध्ये पृथ्वी, भोवती आठ चंद्र. मुलं आकृती सुंदर काढतात. त्यांनाच विचारा, अमावस्येला चंद्र का दिसत नाही? ‘पृथ्वीची सावली पडते’ हे उत्तर हमखास येतं. म्हणून मी आकृती मागे नेली आणि हा प्रश्न पहिल्या स्लाइडवर आणला. सावलीचा पर्याय मुद्दाम ठेवला. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर. हार्वर्डच्या एरिक मेझूर यांनी 1991 मध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात ही पद्धत सुरू केली. साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर आली तर जोडीत चर्चा, त्याहून कमी आली तर विषय पुन्हा समजावायचा.

फळा-खडू
बाई, प्रश्न उत्तम आहे, पण त्यात टीव्हीचं काय काम? खोलीत अंधार करा, एक बल्ब लावा, मुलांच्या हातात चेंडू द्या. डोकं म्हणजे पृथ्वी. मूल जागेवर गोल फिरलं की कला डोळ्यांसमोर बदलतात. अशी एक पीपीटी बनवायला अख्खा रविवार जातो, आणि आधीच ऑनलाइन माहिती भरण्यात जीव मेटाकुटीला येतो. शिवाय ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणून जे बनतं त्यात बरोबर उत्तराला टाळ्या, चुकीच्याला लाल फुली. हिरवं होईपर्यंत मुलं बटणं दाबत सुटतात. त्याला मी विचार म्हणणार नाही.

विज्ञानाच्या बाई
सर, चेंडू हवाच. पण एक बघा: पौर्णिमेच्या जागी चेंडू खाली धरला की डोक्याची सावली त्यावर पडते, आणि ‘सावलीमुळेच कला होतात’ हा समज उलट पक्का होतो. चेंडू डोक्यापेक्षा उंच धरायला लावावा लागतो. कोणाच्या डोक्यात सावली बसली आहे हे आधी कळलं, तर नेमकं त्याच्याजवळ उभं राहता येतं. पाच हात वर आले म्हणजे वर्गाला समजलं, असं धरून चालत नाही.

द्विशिक्षकी शाळा
आमच्याकडे नेटचा भरवसा नाही. लुमी या मोफत प्रोग्राममध्ये एच५पीचा (म्हणजे मधेमधे प्रश्न विचारून उत्तर द्यायला लावणारा) पाठ बनवून एचटीएमएल फाइल काढली की ती नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडते. चित्राला नावं जोडण्याचे खेळ मात्र टाळा, तिथे पाठांतरच तपासलं जातं. मुलांकडे फोन नसतील तर प्लिकर्सची छापील कार्डं आहेत. आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं, गुरुजी एकाच फोनने सगळी टिपतात.

कॉलेजवाला
2014 चा फ्रीमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास बघा. 225 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आहे. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता सक्रिय वर्गाच्या, म्हणजे विद्यार्थी स्वतः प्रश्न सोडवतात, चर्चा करतात अशा वर्गाच्या, दीडपट निघाली.

फळा-खडू
ते पदवीचे विद्यार्थी होते, सहावीची मुलं नव्हेत. आणि त्यात सक्रिय असण्याला महत्त्व आहे, पडद्याला नाही. म्हणजे माझाच मुद्दा झाला.

एक पालक
माझ्या मुलीच्या वर्गात क्विझला घड्याळ लावतात, लवकर उत्तर दिलं तर जास्त गुण. ती सावकाश विचार करते आणि दर वेळी तळाला जाते. आता प्रश्न न वाचताच बटण दाबते. काहीही बनवा, पण घड्याळ काढा.

विज्ञानाच्या बाई
ताई, शंभर टक्के मान्य. गुणसुद्धा नकोत.

फळा-खडू
मग मी हाच प्रश्न फळ्यावर लिहून घेतो. मुलं पाटीवर अ, ब, क लिहून दाखवतील. टीव्ही बंद.

विज्ञानाच्या बाई
जरूर घ्या. फक्त पाटी छातीशी धरायला लावा आणि तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम वर करायची. नाहीतर मागची मुलं वर्गातल्या हुशार मुलाची पाटी बघून लिहितात. आणि दुसऱ्या फेरीत कोणी उत्तर बदललं, त्याची नोंद ठेवा. ती मला कार्डं फोनने टिपली की सहज मिळते, तुम्हाला हाताने करावी लागेल.