मदत हवी आहे: बाप-लेकाची फौजेतली पदकं एकाच डब्यात मिसळली आहेत, कोणतं कोणाचं हे कसं ओळखावं?

इंदोरा_चौक

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या काकूंचे सासरे आणि यजमान दोघंही महार रेजिमेंटमध्ये होते. दोघंही आता हयात नाहीत. सासरे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भरती झाले आणि जमादार होऊन घरी आले, एवढं काकूंना माहीत आहे. यजमान १९७१ साली फौजेत होते. काकूंना दोन मुलं. एकाला आजोबांचा संच आणि दुसऱ्याला वडिलांचा, अशा दोन फ्रेम करून द्यायच्या आहेत. एकाचं पदक दुसऱ्याच्या नावाखाली जायला नको, हा त्यांचा आग्रह आहे आणि तो मला पूर्ण पटतो.

डब्यात काय आहे ते सांगतो. सहा टोकांचा एक तारा, त्यावर इंग्रजीत 'द बर्मा स्टार', पण तो नारिंगी-पांढऱ्या-हिरव्या फितीत अडकवलेला आहे. एका गोल पदकाच्या मागे ड्रॅगनवर उभा असलेला सिंह. एकाच्या मागे हिंदुस्थानचा नकाशा आणि १९३९-४५. एकावर अशोकचक्र आणि त्याच्या वर चक्क मुकुट, याला फीतच नाही. एकावर उभी तलवार, वर 'जम्मू अँड काश्मीर' अशी धातूची पट्टी. मग रक्षा पदक १९६५, संग्राम पदक, आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक. शिवाय एक सुटी फीत: गडद निळा, लाल, फिका निळा असे तीन सारखे पट्टे. खांद्यावरची एक पट्टी आहे, लाल-पिवळी-लाल, तिच्यावर पाच टोकांचा एक तारा. आणि एकमेकींवर आडव्या दोन मशीनगन आणि मधे स्तंभ असलेला टोपीचा बिल्ला.

घोळ असा आहे की कडेवर कोरलेली नावं घासून गेली आहेत, फक्त नंबर आणि हुद्दा वाचता येतो. तलवारीच्या पदकावर एक नंबर, हुद्दा शिपाई. रक्षा पदकावर जेसी ने सुरू होणारा दुसराच नंबर. संग्राम आणि पंचविसाव्या वर्षाच्या पदकावर तिसरा, पुन्हा शिपाई. माणसं दोन आणि नंबर तीन. तिसऱ्या कोणाचं पदक यात आलं आहे का? इतवारीतला एक कारागीर म्हणाला, सगळी ॲसिडनं चकचकीत करून देतो. द्यावीत का?

फितवाला

भाऊ, कारागिराकडे आधी पाठवू नका! बाकी बोलणं नंतर. नावं आधीच पॉलिशनं गेली आहेत, आता ॲसिड लावलं तर नंबरही जाईल. मऊ कोरड्या सुती कापडानं धूळ पुसा, तेवढं पुरे. फिती धुऊ नका, जुने रंग एकमेकांत उतरतात. आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यानं धातूवर हिरवट चिकट थर येतो. नागपूरच्या पावसाळ्यात तर लवकरच.

सुभेदार_निवृत्त_कामठी

तिसरा माणूस शोधू नका. शिपाई, नाईक, हवालदार असताना एक नंबर असतो. जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) झालं की जेसी लावून नवा नंबर मिळतो. तलवारीचं पदक १९४७-४८ च्या काश्मीर लढाईचं. तेव्हा सासरे शिपाई होते. १९६५ पर्यंत ते नायब सुभेदार झालेले होते, म्हणून रक्षा पदकावर जेसी नंबर आला. घरचे जमादार म्हणतात तेही बरोबर. १९६५ पर्यंत त्या हुद्द्याला जमादारच म्हणत, मग नायब सुभेदार झालं. लाल-पिवळी-लाल पट्टी आणि एक तारा ही त्याच हुद्द्याची खूण. तारा पाच टोकांचा आहे, म्हणजे ही पट्टी १९५० नंतरची. त्याआधी खांद्यावर इंग्रजी पद्धतीचा तारा असे.

तिसरा नंबर यजमानांचा. पंचविसाव्या वर्षाचं पदक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना मिळालं, आणि संग्राम पदक १९७१ चं. दोन्ही शिपाई म्हणून. याची खात्री काकूंच्या घरीच होईल: त्यांच्या फॅमिली पेन्शनच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या कागदावर) यजमानांचा नंबर असतो. तो जुळवून बघा.

महायुद्धाच्या पदकांवर नाव नसेल तर घाबरू नका. ब्रिटननं स्वतःच्या फौजेलाही ती बिननावाचीच दिली. घरातले त्या काळचे एकच, म्हणजे ती सासऱ्यांची. त्यांच्या भरतीचा अंदाजही यातून निघतो. नकाशाचं इंडिया सर्व्हिस मेडल युद्धकाळात तीन वर्षं बिगरलढाऊ सेवा केलेल्यांना मिळे. युद्ध सप्टेंबर १९४५ ला संपलं, म्हणजे ते उशिरात उशिरा सप्टेंबर १९४२ ला भरती झालेले असणार. महार रेजिमेंटची पहिली पलटण ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली, दुसरी १९४२ ला इथे कामठीत, आणि ही दुसरी पुढे बर्मात गेली. त्यांची पलटण हीच होती असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण जुळतंय खरं. आज कामठी म्हटलं की लोकांना ब्रिगेड ऑफ द गार्ड्स आठवते, पण १९४६ ला महार रेजिमेंटचं केंद्रही कामठीतच सुरू झालं होतं. तो बिल्ला जपा. कोरेगावचा स्तंभ पुढे बिल्ल्यावरून काढला गेला, त्यामुळे स्तंभ असलेला बिल्ला जुनाच.

फितवाला

सुभेदार साहेबांनी माणसं वेगळी केली, मी फिती करतो. तिरंगी फीत मुकुट-अशोकचक्रवाल्या पदकाची आहे. ते १९४७ चं स्वातंत्र्य पदक. तेव्हा राजा सहावा जॉर्जच होता, म्हणून मुकुट. बर्मा स्टारची फीत गडद निळी, मधे रुंद लाल, आणि दोन्ही बाजूंच्या निळ्यात एकेक नारिंगी पट्टा. ती नवी घ्यावी लागेल. नकाशाच्या पदकाला गडद आणि फिक्या निळ्या पट्ट्यांची, काश्मीरच्या पदकाला लाल फितीवर बारीक हिरव्या रेघा.

आता महत्त्वाचं. गडद निळा, लाल, फिका निळा ही सुटी फीत डब्यातल्या कुठल्याच पदकाची नाही. ती '१९३९-४५ स्टार'ची आहे. नौदल, भूदल, हवाई दल असे तीन रंग. सासऱ्यांना तो तारा मिळालेला असावा आणि कधीतरी हरवला असावा. ही फीत फेकू नका, हरवलेल्या पदकाचा तेवढाच पुरावा उरलाय.

वैदर्भी_७

यजमानांचं नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं पदक दिसत नाही. सेवा तेवढी झाली असेल तर ते मिळालेलं असणार. काकूंना विचारा, दुसऱ्या ट्रंकेत असेल.

इंदोरा_चौक

सर्वांचे मनापासून आभार. पीपीओवरचा नंबर तिसऱ्या नंबराशी अगदी जुळला! काकूंनी तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवला होता. ट्रंकही उघडणार आहेत. पदकं कारागिराकडे जाणार नाहीत. एक विचारायचं राहिलं: हरवलेला तारा बाजारात मिळतो, तो घेऊन आजोबांच्या फ्रेममध्ये लावावा का?

सुभेदार_निवृत्त_कामठी

आत्ता नको. आधी मध्य प्रदेशातल्या सागरच्या महार रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. सासऱ्यांचे दोन्ही नंबर, हुद्दा, नाव आणि नातं लिहून, त्यांना कोणकोणती पदकं मंजूर झाली होती याची नोंद मागा. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन मजकूर दाखवून घ्या, ते मदत करतात. नोंदीत तारा निघाला तर बाजारातला अस्सल घेऊन लावा, आणि फ्रेमच्या मागे स्पष्ट लिहा की हा तारा नंतर घेतलेला आहे. त्यावर सासऱ्यांचं नाव मात्र कोरून घेऊ नका. पन्नास वर्षांनी कोणी पाहिलं तर खरं काय ते त्याला कळायला हवं.

फितवाला

उत्तर येईपर्यंत ती फीत पट्टीवर तिच्या जागी नुसतीच शिवा, खाली तारा नसला तरी चालेल. बर्मा स्टारच्या फितीचा तुकडा माझ्याकडे आहे, निरोप टाका, पोचवतो.